‘फोन जुना झालाय, नवीन घ्या’ असं कंपनीच्या काउंटरवर सांगितलं तर पैसे घालवायच्या आधी हे तपासा

पाटणला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत एकच तक्रार घेऊन इतकी माणसं आलीत की गिऱ्हाईकानं पहिलं वाक्य बोललं की पुढचं मला कळतं. फोन धड आहे, स्क्रीन फुटलेली नाही, बॅटरी दिवसभर जाते, पण कॉल लागत नाही. सिमच्या कंपनीच्या स्टोअरला गेले तर तिथल्या पोरानं फोन उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला हा आता चालणार नाही, नवीन घ्या. त्यातले खरंच संपलेले फोन थोडे निघतात, बाकीच्यांचं सिम जुनं असतं नाहीतर एखादं सेटिंग बंद असतं. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईला आठ-दहा हजाराचा फोन घ्यायला लावायचा आणि दुखणं सिममध्ये असायचं, याचा मला मनापासून राग येतो, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

हे होतं कशामुळे ते आधी थोडक्यात. टूजी, थ्रीजी, फोरजी या नेटवर्कच्या पायऱ्या, आकडा वाढेल तशी नवी. २०१० मध्ये थ्रीजीच्या लहरींचा लिलाव झाला, मग आपण सगळ्यांनी थ्रीजी फोन घेतले, कंपन्यांनीच जाहिराती करून घ्यायला लावले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते सरळ फोरजीवरच, त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. मग बाकीच्यांनी थ्रीजीची जागा फोरजीला द्यायला सुरुवात केली, कारण तेवढ्याच लहरींवर फोरजीमध्ये जास्त माणसं आणि जास्त डेटा बसतो. एअरटेलनं २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला घेतलं, व्हीआयनं (म्हणजे व्होडाफोन-आयडियानं) २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीत लोकांना सिम बदलायचे मेसेज धाडले. टूजी मात्र या दोघांनी ठेवलंय, बीएसएनएलचंही आहे. म्हणजे मधली पायरी काढून घेतली, वरची आणि खालची राहिली. ज्याचं सिम, फोन किंवा सेटिंग वरच्या पायरीवर जाऊ देत नाही तो थेट खाली टूजीवर पडतो, आणि आमच्यासारख्या डोंगरी भागात टूजी जिथं कमजोर आहे तिथं तो माणूस जगाला बंद लागतो. कंपन्यांचं तांत्रिक कारण मला पटतं, पण त्याचा खर्च गिऱ्हाईकाच्या खिशातून, तोही गरज नसताना, हे पटत नाही.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

फोन चालू असताना समोरच्याला ‘स्विच ऑफ’ किंवा ‘नॉट रिचेबल’ ऐकू येतं, आणि थोड्या वेळानं मिस कॉलचा मेसेज येऊन पडतो.

वर पूर्वी ‘एच’ (म्हणजे थ्रीजी) दिसायचा, आता कायम ‘ई’ (म्हणजे टूजी) दिसतो, व्हॉट्सअॅपचं चक्र नुसतं फिरत राहतं.

फोरजीच्या काड्या पूर्ण आहेत पण नंबर लावला की फोरजी गायब होतं, नेट बंद पडतं आणि कॉल लागायला वीस-पंचवीस सेकंद लागतात, कधी लागतच नाही.

‘नॉट रजिस्टर्ड ऑन नेटवर्क’ किंवा ‘फक्त इमर्जन्सी कॉल’.

घरात नाही, अंगणात आलं की लागतो.

आणि सगळ्यात जास्त, रोज कंपनीचा मेसेज की अपग्रेड करा नाहीतर सेवा बंद होईल.

फुकटातलं आधी

तो मेसेज नीट वाचा, पूर्ण वाचा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याअधिक लोकांच्या मेसेजमध्ये ‘सिम’ अपग्रेड करा असं लिहिलेलं असतं आणि घरातल्या कुणीतरी त्याचा अर्थ फोन बदला असा घेतलेला असतो. आणि त्यातली लिंक दाबू नका. सिम अपग्रेडच्या नावाखाली फोन करून सिमच्या मागचा वीस आकडी नंबर विचारतात, तो एसएमएस करायला लावतात, तुमचं सिम बंद पडतं, तुमच्या नंबरचं सिम त्याच्याकडे चालू होतं आणि बँकेचा ओटीपी त्याला जातो. कंपनीचा माणूस ओटीपी विचारत नाही. सिमचं काम असेल तर स्वतः चालत दुकानात जायचं.

मग रिचार्ज बघा. हसू नका, खरंच बघा. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं आणि काही दिवसांनी इनकमिंगही जातं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते नेटवर्क गेल्यासारखंच वाटतं. तुम्हाला फक्त कॉलच हवे असतील तर डेटावाला महागडा पॅक मारायची गरज नाही, कंपन्यांवर नियम घालणाऱ्या ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात. काउंटरवर ते आपणहून कुणी सांगत नाही, मागायला लागतात.

यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, तिच्याशिवाय पुढं जाऊच नका. तुमचं सिम घरातल्या दुसऱ्या चालत्या फोनमध्ये टाका आणि त्या फोनचं सिम तुमच्या फोनमध्ये. त्याच जागी उभं राहून करा, एकदा घरात आणि एकदा बाहेर. तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्येही रडतंय म्हणजे दोष सिमचा नाहीतर कंपनीच्या नेटवर्कचा, तुमचा फोन निर्दोष. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम फोरजीवर झकास चालतंय म्हणजे फोनचा फोरजीचा भाग शाबूत आहे. दहा मिनिटांचं काम, रुपया लागत नाही, आणि काउंटरवरचा माणूस ‘फोन जुना’ म्हणाला तर त्याला उत्तर द्यायला तुमच्या हातात पुरावा येतो.

हे करतानाच सिमचा स्लॉटही बदलून बघा. २०१६-१७ च्या आसपासच्या बऱ्याच डबल सिम फोनमध्ये एकाच वेळी एकच सिम फोरजीवर चालतं, दुसरं टूजीवर नाहीतर थ्रीजीवर बसतं. त्या दुसऱ्या जागी जिओचं सिम टाकलं तर ते मेलेलंच दिसणार. काही फोनमध्ये सिम काढायची गरज नसते, सेटिंगमध्ये डेटा कुठल्या सिमवर हे बदललं की फोरजी तिकडं जातं.

सेटिंग, इथंच बरेच फोन वाचतात

सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, तिथं ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ असतं. ते ‘टूजी/थ्रीजी’ वर अडकलेलं असतं, कुणीतरी बॅटरी वाचावी म्हणून कधीकाळी केलेलं. फोरजी किंवा एलटीई (म्हणजे फोरजीच) ऑटो असं करा. ऑपरेटर निवडणं ऑटोमॅटिक ठेवा.

त्याच पानावर ‘व्होल्टे’, ‘फोरजी कॉलिंग’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ असं बटण असतं, म्हणजे कॉलही फोरजीवरूनच, फोनची प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. ते चालू करा. काड्या पूर्ण आणि तरी नॉट रिचेबल, या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं. व्होल्टे बंद असलं की फोन नेट फोरजीवर चालवतो, पण कॉल आला की त्याला खाली टूजीवर उतरावं लागतं. पूर्वी उतरायला थ्रीजीची पायरी होती, ती आता नाही. टूजी तिथं कमजोर असलं की तो उतरता उतरता हरवतो आणि मुंबईहून फोन लावणाऱ्या पोराला रेकॉर्डिंगमधली बाई सांगते की नंबर बंद आहे. जिओवर तर खाली काहीच नाही, व्होल्टे नसेल तर साधा कॉल लागायचा प्रश्नच येत नाही.

बटण दिसतच नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट बघा, वायफायवर बसून सगळे करून घ्या. बऱ्याच मॉडेलला व्होल्टे नंतरच्या अपडेटमध्ये आलेलं आहे आणि ज्यांच्या घरी वायफाय नाही त्यांनी ते कधी घेतलेलंच नसतं. तरी नाही जमलं तर ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ करा, यात वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि नेटवर्कची केलेली सेटिंग जातात, फोटो-नंबर कशाला हात लागत नाही. फॅक्टरी रीसेट करू नका, त्याचा इथं उपयोग नाही आणि फोटो कायमचे जातात.

बऱ्याच अँड्रॉइडमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की चाचणीचं पान उघडतं, तिथं सिग्नलचा आकडा उणेमध्ये दिसतो. फोरजीला उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११५ च्या खाली गेला की कॉल टिकत नाही. आकडा बघायचा आणि बाहेर यायचं. तिथं ‘एलटीई ओन्ली’ करून ठेवणारे बरेच येतात माझ्याकडं, कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतं, आणि व्होल्टे नसलेल्या फोनमध्ये त्यामुळं कॉलच पूर्ण बंद पडतात.

सिम बदलणं, थोडक्या पैशांचं नाहीतर फुकट

ढेबेवाडीच्या बाजूच्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात आल्या. पोरगा नवी मुंबईत माथाडी कामगार. कापडी पिशवीत रबर लावून गुंडाळलेला फोन, पोरानं वापरून दिलेला, चांगला फोरजी फोन. मला म्हणाल्या, “दादा, पोरगं म्हनतंय आये तू फोन बंद करून का ठेवतीस. म्या कशाला बंद करू, हितंच उशाला असतोय.” कऱ्हाडला जाऊन आलेल्या, तिथं सांगितलं होतं नवीन फोन लागेल. पैसे जुळवायला त्यांनी एक शेळी विकायचं ठरवलं होतं. मी ट्रे काढला तर आतलं सिम कात्रीनं कापलेलं, जुनं मोठं सिम कुणीतरी छोटं केलेलं, एक कड तिरकी, सोनेरी भागावर ओरखडे, हलू नये म्हणून मागं चिकटपट्टीचा तुकडा. दहा-बारा वर्षांचं सिम. फोन फोरजी, कंपनीचं फोरजी गावात आलेलं, आणि मधलं हे सिम फोरजीला ओळखतच नव्हतं, म्हणून फोन कायम टूजीवर लटकलेला. त्यांना घेऊन मी स्वतः सिमवाल्याकडं गेलो, आधार दाखवलं, अंगठा दिला, संध्याकाळपर्यंत नवीन सिम चालू. व्होल्टेचं बटण दाबलं आणि माझ्या काउंटरवरूनच पोराला फोन लावला, त्यानं तो पहिल्या रिंगला उचलला. शेळी घरीच आहे.

तेव्हा सिम चार-पाच वर्षांपेक्षा जुनं असेल, कापलेलं असेल, किंवा त्यावर फोरजी लिहिलेलं नसेल तर आधी ते बदला. नंबर तोच राहतो. पण जायच्या आधी तीन गोष्टी करून ठेवा, यात लोक फसतात.

जुन्या माणसांचे नंबर सिमवर सेव्ह असतात, ते आधी फोनमध्ये कॉपी करा, नवीन सिम कोरं येतं. मावशींचे बेचाळीस नंबर होते, पोराचा सोडून एकही पाठ नव्हता.

सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत, हा फसवणूक टाळायला केलेला सरकारी नियम आहे. म्हणून त्या दिवशी बँकेचं, गॅसचं, कुठलंही ओटीपीचं काम ठेवू नका. घाबरून परत दुकानात धावू नका, दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतं.

आणि सिम बदललं की सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, १ जुलै २०२४ पासून. त्यामुळं कंपनीच बदलायचा विचार असेल तर सिम बदलायच्या आधी पुढचा भाग वाचा.

फोन आणि कंपनी जुळतात का

इथं थोडं किचकट होतं. फोरजी म्हणजे एक रस्ता नाही, वेगवेगळ्या नंबरचे बँड आहेत आणि प्रत्येक फोनला सगळे बँड येत नाहीत. जिओ मुख्यतः ३, ५ आणि ४० वर आहे. एअरटेल १, ३, ८, ४० वर, व्हीआय १, ३, ८ आणि काही ठिकाणी ४०-४१ वर. बीएसएनएलचं फोरजी १ आणि २८ वर आहे, आणि २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं देशभरातलं फोरजी जाहीर झाल्यापासून त्यांच्या सिमची चौकशी वाढलीय. पण बँड २८ जुन्या फोनमध्ये बरेचदा नसतो. मग होतं काय की शेजाऱ्याच्या नव्या फोनवर बीएसएनएलचं फोरजी पळतंय आणि तुमच्यावर दिसतच नाही, आणि तुम्ही सिम बदलत बसता.

सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ मधून मॉडेल नंबर पूर्ण उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, कारण एकाच नावाच्या फोनचे देशानुसार प्रकार असतात. त्या नंबरनं इंटरनेटवर बँडची यादी मिळते. परदेशातून कुणी आणून दिलेला फोन असेल तर हे आधी बघा, त्यात ४० नंबरचा बँड असेलच असं नाही.

घरात नाही पण अंगणात लागतो, त्याचंही उत्तर यात आहे. ५, ८, २८ या बँडच्या लहरी भिंतीतून आत शिरतात, ४० च्या तितक्या शिरत नाहीत. जाड दगडी भिंतीच्या घरात, पत्र्याखाली, फरक लगेच कळतो. घरी वायफाय असेल आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंगचं बटण असेल तर ते चालू करा, प्रश्न तिथंच मिटतो.

आणि फोरजी असूनही व्होल्टे नसलेले फोन आहेत. आयफोन ५एस हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, फोरजी आहे, व्होल्टे नाही, कुठल्याही अपडेटनं येत नाही. तो जिओवर साधा कॉल करणार नाही, पण एअरटेल-व्हीआयवर टूजीतून कॉल करतो. साध्या टूजी कीपॅड फोनचंही तेच. असा कीपॅड फोनवाला माणूस स्वस्त म्हणून जिओला पोर्ट होतो आणि फोन मुका होतो, तिथं फोन बदलायचा की कंपनी, हा निवाडा त्या माणसानं करायचा, काउंटरनं नाही.

कंपनी बदलायची ठरली तर आधी त्या कंपनीचं सिम वापरणाऱ्या शेजाऱ्याला दहा मिनिटं घरी बोलवा आणि त्याचं सिम तुमच्या फोनमध्ये टाकून स्वयंपाकघरातून, माडीवरून कॉल करून बघा. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे आहेत, पण तुमचं स्वयंपाकघर त्यात दिसत नाही. मग इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, एक जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करा. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. कोड येतो, महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या दुकानात जायचं.

इथं थांबा

*#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसायला हवा. रिकामं, शून्यं किंवा ‘नल’ आलं तर फोनच्या बोर्डवरचा नेटवर्कचा भागच खराब झालाय, घरी काहीही करू नका, बोर्डचं काम येणाऱ्या रिपेअरवाल्याकडं न्या आणि उघडायच्या आधी खर्च विचारा. फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी स्वतः गिऱ्हाईकाला नको म्हणतो. आणि कुणी म्हणालं की दुसरा आयएमईआय ‘मारून देतो’, तर तिथून उठा. तो गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

फोन पडल्यापासून किंवा पाण्यात गेल्यापासून सिग्नल कमी झाला असेल तर अँटेनाची वायर नाहीतर सिमचा कनेक्टर गेलेला असतो, हे स्वस्तातलं काम आहे पण हाताला सवय असावी लागते. मागचं झाकण फुगून वर आलं असेल तर तपासणी राहू द्या, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, तसाच घेऊन या. फुगलेली बॅटरी पेट घेते.

आणि फक्त थ्रीजीचा फोन असेल तर मी खोटं सांगणार नाही, त्यात फोरजीचं रेडिओच नाही, कुठल्याही अॅपनं, कुठल्याही ‘अनलॉक’नं ते येत नाही, त्यासाठी पैसे मागणारा फसवतोय. तो टूजीवर कॉल करेल, घरी वायफायवर थोडंफार चालेल. अँड्रॉइड ५ च्या खालचा असेल तर व्हॉट्सअॅप २०२३ पासूनच चालत नाही, त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. आमच्या इथल्या एका निवृत्त गुरुजींना हे सांगताना मला जड गेलं, त्यांनी तो फोन नव्यासारखा ठेवलेला होता, पण कॉलपुरता तो अजूनही त्यांच्या खिशात आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी एवढं बघा, ऑस्ट्रेलियात २८ ऑक्टोबर २०२४ पासून उरलेल्या कंपन्याही थ्रीजी बंद करायला लागल्या आणि इमर्जन्सी कॉल फोरजीवर न करू शकणारे फोन तिथं कंपन्यांना बंदच करावे लागतात. तुमच्या फोनवर इथं सगळं चालत असलं तरी तिथं अडवू शकतात. मुलाकडं चाललेल्या आई-वडिलांनी मॉडेल नंबर आधीच मुलाला पाठवा, म्हणजे फोन तिथं चालेल का ते तो तिथल्या कंपनीला विचारू शकेल.

हे सगळं करून दोष कंपनीकडं निघाला आणि तरी काउंटर फोनच बदला म्हणत असेल तर वाद घालत बसू नका, एकच मागा: “या फोनमध्ये नेमकं काय नाही, ते लिहून द्या.” कुठला बँड नाही, व्होल्टे नाही की सिम जुनं, कागदावर, तारखेसकट. लिहायची वेळ आली की बरेचदा आतून सिनियर माणूस येतो आणि सिम बदलून मिळतं. नाहीच झालं तर १९८ वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर येतो तो लिहून ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडं ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला फी नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. फोन करताना मॉडेल नंबर, सिम कधीचं आहे आणि सिम अदलाबदल करून काय दिसलं, एवढं समोर कागदावर असू द्या.